पोक्सो खटल्यात ‘सपोर्ट पर्सन’ म्हणून पहिली नेमणूक : पहिल्या भेटीत कुटुंबाला नेमकं काय सांगायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या यादीत सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे खटला संपेपर्यंत मुलाच्या आणि कुटुंबाच्या सोबतीला असणारी व्यक्ती म्हणून, माझं नाव लागलं आहे. बालकल्याण समितीचा पहिला आदेश या आठवड्यात येईल. प्रशिक्षणात कायदा नीट शिकवला. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) २०१२ चा, नियम २०२० चे, कुठलं कलम कशाचं, सगळं वहीत आहे. पण लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाच्या दारात उभं राहिल्यावर आईवडिलांशी पहिलं वाक्य काय बोलायचं, पहिल्या भेटीत काय विचारायचं, काय अजिबात विचारायचं नाही, पुढच्या महिन्यात कुठे कुठे जायचं, हे त्या वहीत सापडत नाही. इथे समिती, पोलीस, दवाखाना, कोर्ट अशा सगळ्या बाजूंची माणसं आहेत, म्हणून विचारते. मुद्द्याचं आणि बारीक सांगा.

धागा_राखणदार

प्रतिसाद देण्याआधी एक विनंती. कुठल्याही प्रकरणाचं गाव, शाळा, वय अधिक तारीख, नातं असं काही लिहू नका, नाव बदलूनसुद्धा नाही. पोक्सोच्या कलम २३ मध्ये नुसतं नाव नाही, तर पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजारसुद्धा येतो. छोट्या तालुक्यात ‘सातवीतली मुलगी, वडील एसटीत’ एवढं लिहिलं तरी ओळख पटते. असे प्रतिसाद न विचारता काढले जातील.

कोयनाकाठ

रानजाई, प्रश्न योग्य जागी आलाय. पहिल्या भेटीपासून सुरू करते.

दारात कसं जायचं, हे आधी. पाटी लावलेली सरकारी जीप नको. गळ्यातलं ओळखपत्र पिशवीत ठेवा आणि घरात गेल्यावर दाखवा. फायलीवर ‘पोक्सो’ लिहिलेलं नको. आधी फोन करून विचारा, ‘कधी येऊ? घरीच येऊ की दुसरीकडे भेटू?’ पुष्कळ घरांना दुपार बरी पडते, शेजारपाजार कामावर असतो. काहींना घरी कुणी आलेलंच नको असतं. त्यांच्यासाठी अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र किंवा समितीचं कार्यालय.

पहिल्या भेटीत घटनेबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. त्या कुटुंबाकडे आधी पोलीस आले, मग डॉक्टर, मग मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब झाला, मधे नातेवाईक येऊन गेले. प्रत्येकानं तेच विचारलंय. तुम्हाला ते माहीत असण्याची गरज नाही, एफआयआरमध्ये आहे.

काय सांगायचं: मी पोलीस नाही, वकील नाही, पत्रकार नाही. मला बालकल्याण समितीनं नेमलंय. खटला संपेपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. मला एक रुपया द्यायचा नाही, चहासुद्धा नको. माझं काम पटलं नाही तर समितीला सांगा, ती मला काढू शकते, आणि मुलानं मी नको म्हटलं तर त्यानं कारणही सांगायची गरज नाही. हे शेवटचं मुलाच्या डोळ्यांत बघून सांगा. इतके दिवस ‘नाही’ म्हणायचा हक्क त्याला कुणी दिलेला नसतो.

काय घ्यायचं: गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर, लागलेली कलमं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. प्रत घरात नसेल तर ती आणून देणं हेच तुमचं पहिलं काम. यातून विश्वास बसतो, बोलण्यातून नाही.

शेवंता

कोयनाकाठताईंच्या प्रतिसादाला दुजोरा. एक भर: फॉर्म ए. २०२० च्या नियमांबरोबर जोडलेला हा फॉर्म म्हणजे मुलाला आणि पालकांना काय काय मिळायला हवं त्याची यादी आहे: एफआयआरची प्रत, संरक्षण, उपचार, समुपदेशन, भरपाई, वकील. तो पोलिसांनी द्यायचा असतो. बहुतेक वेळा त्यावर सही घेतलेली असते, पण वाचून दाखवलेला नसतो. दुसऱ्या भेटीत तोच हातात घ्या आणि एकेक ओळ मराठीत, घरातल्या बोलीत समजावा. यात काय मिळालं, काय नाही, यावर खूण करा. पहिल्या महिन्याचं तुमचं कामाचं पान आपोआप तयार होतं.

सह्याद्रीवासी

भाबडा प्रश्न. आईवडील सोबत असतात, सरकारी वकील असतो, मग आणखी एक माणूस कशाला? कुटुंबाला तेवढंच एक नवीन तोंड.

वकील_कृष्णाकाठचे

@सह्याद्रीवासी, प्रश्न भाबडा नाही, पुष्कळ पालकही हाच विचारतात. सरकारी वकील राज्याचा असतो, कुटुंबाचा नव्हे. त्याच्या टेबलावर एका दिवशी कितीतरी प्रकरणं असतात. आईवडील स्वतः साक्षीदार असतात. बहुतेक वेळा फिर्यादीच असतात, त्यामुळे मुलाची साक्ष चालू असताना त्यांना बाहेर बसवण्याचा अर्ज येऊ शकतो. कलम ३३(४) प्रमाणे मुलाच्या विश्वासाचा माणूस कोर्टात हजर असू शकतो. तो कोण, हे आधी ठरलेलं असलं तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

शिवाय १८ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेत स्पष्ट केलंय की सपोर्ट पर्सन हवा की नको हे पालकांच्या मर्जीवर सोडून यंत्रणेनं हात झटकायचे नाहीत. असा माणूस मिळू शकतो आणि तो तुमचा हक्क आहे, हे पालकांना सांगणं समितीचं कर्तव्य आहे.

रानजाई, तुमच्यासाठी एक तातडीची गोष्ट. आदेश झाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी तुमच्या नेमणुकीबद्दल विशेष न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. ते झालं का, हे पोलीस ठाण्यात विचारा आणि आदेशाची प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. हे राहून गेलं की सहा महिन्यांनी साक्षीच्या दिवशी पट्टेवाला तुम्हाला दारातच अडवतो, कारण इन कॅमेरा, म्हणजे बंद दारामागच्या सुनावणीत तुम्ही कोण हे रेकॉर्डवर नसतं.

निशिगंधा

दवाखान्याच्या बाजूचं लिहिते, कारण आदेश लवकर आला तर तुम्ही वैद्यकीय तपासणीच्या आधीच पोचाल.

उपचारासाठी एफआयआर लागत नाही. मॅजिस्ट्रेटचा कागद लागत नाही. आधी उपचार. खासगी दवाखान्यालाही नाकारता येत नाही आणि पैसे घेता येत नाहीत. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, आणि मुलाच्या विश्वासाचं माणूस खोलीत हवं.

वेळेचं गणित लक्षात ठेवा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यायची. कोर्स अर्ध्यात सुटतो तो मळमळीमुळे, म्हणून दहाव्या दिवशी फोन करून विचाराच. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही शक्यतो ७२ तासांत. पुराव्याचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतले जातात, पण त्यानंतर आलेल्या मुलाचीही तपासणी करायचीच. ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवलं तर डॉक्टरांशी तिथेच बोला.

कपडे धुवायचे नाहीत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत, प्रत्येक कपडा वेगळा. प्लास्टिकमध्ये दमटपणानं बुरशी येते आणि नमुना जातो. घाबरलेल्या घरात पहिली प्रतिक्रिया आंघोळ घालून कपडे धुण्याचीच असते. त्यांनी ते आधीच केलं असेल तर एका शब्दानंही दोष देऊ नका.

आणि हे पालकांना आधीच सांगून ठेवा: अहवालात ‘इजा आढळली नाही’ असं लिहिलेलं असू शकतं. त्याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही. स्पर्शाच्या अत्याचारात खूण राहत नाही, आणि मुलांच्या जखमा फार लवकर भरतात. हे आधी न सांगितल्यास तो कागद वाचून बाप मुलीकडे संशयानं बघतो.

‘टू फिंगर टेस्ट’ (दोन बोटांनी योनीची तपासणी) कुणी करू लागलं तर थांबवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ती नाकारली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अशी चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं.

कोयनाकाठ

@निशिगंधा, शेवटून दुसरा परिच्छेद छापून प्रत्येक सपोर्ट पर्सनला द्यावा असा आहे. एचआयव्हीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा असते, त्या तारखेची आठवण तुमच्या डायरीत हवी. दवाखान्यातून फोन येत नाही.

जर्सीसिटीकर

इकडे अमेरिकेत ‘चिल्ड्रन्स ॲडव्होकसी सेंटर’ असतात. पहिलं १९८५ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिलला सुरू झालं. मुलाची मुलाखत एकदाच, प्रशिक्षित माणसाकडून, आणि पोलीस, वकील, समाजसेवक काचेपलीकडून किंवा पडद्यावर ऐकतात. कुटुंबासाठी वेगळी ‘फॅमिली ॲडव्होकेट’ असते. आपल्याकडे एकाच वेळी जबाब घेऊन का संपवत नाहीत?

वकील_कृष्णाकाठचे

@जर्सीसिटीकर, कल्पना चांगली आहे, पण आपल्या कायद्यात पोलिसांसमोरचा जबाब, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब (पूर्वीचं कलम १६४, आता बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, १८३) आणि कोर्टातली साक्ष या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पहिल्या दोन्हींनी साक्षीची जागा भरत नाही. आरोपीला उलटतपासणीचा हक्क आहेच. म्हणून आपल्याकडे भर आहे तो त्या तीन पायऱ्यांवर मुलाला त्रास कमी व्हावा यावर. पोलिसांनी जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे घ्यायचा, गणवेशात जायचं नाही, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची अधिकारी, आणि रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबाला आरोपीचा वकील नसतो.

मृद्गंध

माझा एक वेगळा मुद्दा. ‘घटनेबद्दल विचारायचं नाही’ हे मला अर्धंच पटतं. मूल आपणहून बोलू लागलं तर? बोलू नकोस म्हणालो तर ‘ही गोष्ट लाजेची आहे’ हाच धडा त्याला पुन्हा मिळतो.

कोयनाकाठ

बरोबर आहे, मी तुटक लिहिलं. मूल बोललं तर ऐकायचं, मध्ये न तोडता. ‘मग काय झालं?’, ‘कुठे हात लावला?’ असे प्रश्न नाहीत. ‘मी ऐकतेय’ एवढंच. घरी जाऊन त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचं.

वकील_कृष्णाकाठचे

इथे मी विरोध नोंदवतो. जे लिहाल ते कोर्टात मागवलं जाऊ शकतं, आणि तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ शकता. मग मुलाशेजारी बसायचं कुणी? घटनेचा तपशील डायरीत नकोच. नवीन काही कळलं, दुसरा आरोपी किंवा दुसरं मूल असं काही, तर ते डायरीत न ठेवता तपास अधिकाऱ्याला आणि समितीला लगेच लेखी द्या. गुन्हा कळवण्याचं कलम १९ तुम्हालाही लागू आहे. गुपित राखण्याचं कर्तव्य नव्या गुन्ह्याला झाकत नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली तुमच्यावरच गुन्हा.

कोयनाकाठ

नवा गुन्हा कळवायचाच, त्यावर दुमत नाही. पण बाकी काहीच लिहायचं नाही हे पटत नाही. समितीला खटला संपेपर्यंत दर महिन्याला अहवाल द्यायचा असतो. त्यात मुलाची झोप, जेवण, शाळेची हजेरी, समुपदेशनाच्या बैठका, घरातली परिस्थिती, धमक्या, पोलिसांशी काय बोलणं झालं, हे हवं. मूल काय बोललं यापेक्षा मूल कसं आहे, हे लिहा. या रेषेवर आपलं दोघांचं जमेल असं वाटतं.

वकील_कृष्णाकाठचे

या रेषेवर जमलं.

भंडारदरा

बचाव पक्षातर्फे काम करणारा म्हणून सांगतो, कुणाला रुचो न रुचो. उलटतपासणीत मूल अडकतं ते बहुतेक वेळा मोठ्यांच्या शब्दांमुळे. सहा वर्षांच्या मुलाच्या जबाबात ‘लैंगिक हेतूने’ असा शब्द लिहिलेला असतो. काका-मामा तारखा आणि तपशील वाढवून सांगतात, ‘केस मजबूत’ व्हावी म्हणून. मग कोर्टात मूल आपलं खरं सांगतं, ते जबाबाशी जुळत नाही, आणि त्या फटीत आम्ही शिरतो. जबाब घेताना हजर असाल तर मुलाचाच शब्द लिहिला जातोय का, हे पाहा. मूल ‘शू ची जागा’ म्हणालं असेल तर तेच कागदावर यावं. आणि वाचून दाखवल्याशिवाय सही नाही.

शेवंता

@भंडारदरा, हे इथे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

रानजाई

खूप मोलाचं मिळतंय. साक्षीच्या तयारीबद्दल कुणी सांगेल का? ‘शिकवलेला साक्षीदार’ हा आरोप येईल याची फार धास्ती वाटते.

वकील_कृष्णाकाठचे

तयारी म्हणजे जागेची आणि रीतीची ओळख. पढवणं म्हणजे उत्तरांची उजळणी. पहिली करायची, दुसरी नाही.

साक्षीच्या आठवडाभर आधी सरकारी वकिलांशी बोलून रिकामं कोर्ट दाखवा. न्यायाधीश कुठे बसतात, टंकलेखन कोण करतं, आरोपी कुठे असेल आणि मध्ये पडदा कसा असेल. कलम ३६ प्रमाणे मुलाला आरोपी दिसता कामा नये. पडदा, एकाच बाजूनं दिसणारी काच किंवा व्हिडिओ लिंक, यापैकी तुमच्या कोर्टात काय आहे ते आधी बघा, नसेल तर अर्ज आधी करायला सांगा. सगळ्यात वाईट भेट व्हरांड्यात होते. आतमध्ये पडदा असतो आणि बाहेर बाकड्यावर आरोपीचे नातेवाईक शेजारी येऊन बसतात. मुलाला वेगळ्या खोलीत किंवा दुसऱ्या दारानं आणायची सोय आदल्या दिवशीच लावा.

मुलाला इतकंच सांगा: माहीत नसेल तर ‘माहीत नाही’, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’, प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. दमलास तर सांग, न्यायाधीश मधली सुट्टी देतात, कायद्यातच तसं आहे. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ दिलीच पाहिजे असं नाही. न्यायाधीश आधी शाळा, बाई, खरं-खोटं यावर साधे प्रश्न विचारून त्याला समज आहे ना ते बघतात. त्या प्रश्नांनी घाबरू नये म्हणून हे आधी सांगा.

उलटतपासणीत हमखास येणारा प्रश्न: ‘इथे काय बोलायचं हे तुला कुणी सांगितलं?’ मुलं घाबरून ‘कुणी नाही’ म्हणतात, आणि ते खोटं ठरतं. खरं उत्तर असं असायला हवं की ‘ताईनं कोर्ट दाखवलं आणि खरं सांग म्हणाल्या.’ तुम्ही खरोखर तेवढंच केलं असेल तर या उत्तरानं काही बिघडत नाही.

दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे, असं कलम ३३(२) म्हणतं. प्रत्यक्षात अनेक कोर्टांत वकील थेट विचारतात. तुम्ही उठून हरकत घेऊ शकत नाही. म्हणून आधीच सरकारी वकिलांना आठवण द्या, आणि कुटुंबाचा स्वतःचा वकील असेल तर त्यालाही. कलम ४० खाली तो हक्क आहे, आणि पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. हेल्पलाइन १५१००.

पणजीकर

गोव्यातली रीत थोडी वेगळी आहे म्हणून नोंदवतो. आमच्याकडे गोवा बाल कायदा २००३ चा, म्हणजे पोक्सोच्या नऊ वर्षं आधीचा, आणि त्याखाली बाल न्यायालय आहे. सिंधुदुर्गातून कामासाठी आलेली कुटुंबं असतात, गुन्हा गोव्यात आणि मूल परत गावी, असं होतं. अशा वेळी दोन्ही जिल्ह्यांच्या समित्या एकमेकींशी बोलल्या नाहीत तर मूल दोघींच्याही यादीतून सुटतं. आदेश कुणाचा, महिन्याचा अहवाल कुणाला, प्रवासखर्च कुणाचा, हे पहिल्या आठवड्यात लेखी करून घ्या.

आबा_माणदेशी

पैशाचं कुणीच बोललं नाही, म्हणून बोलतो. घर मोडतं ते पैशापायी.

आरोपी घरातलाच कमावता असेल तर त्याच्या अटकेबरोबर चूल थांबते. मग आठव्या दिवशी सासू म्हणते, ‘सोडवून आण त्याला.’ नियम ८ मध्ये विशेष साहाय्य आहे: अन्न, कपडे, प्रवास, निकडीच्या वस्तू यांसाठी समिती शिफारस करते आणि ती मिळाल्यापासून आठवड्यात पैसे द्यायचे असतात. ही शिफारस कुणी मागितल्याशिवाय होत नाही. पहिल्या भेटीतच रेशन किती दिवसांचं आहे ते विचारा आणि त्याच आठवड्यात समितीपुढे अर्ज ठेवा.

नियम ९ ची अंतरिम भरपाई विशेष न्यायालय एफआयआरनंतर कधीही देऊ शकतं, निकालाची वाट बघायची गरज नाही. आरोपी सापडला नाही किंवा सुटला तरी भरपाई मिळू शकते. आदेशानंतर तीस दिवसांत रक्कम यायला हवी. आपल्या राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

अडतं कुठे? बँकेत. मुलाच्या नावाचं खातं नसतं, किंवा पालक म्हणून बापाचं नाव असतं आणि बापच आरोपी असतो. आईला पालक करून नवं खातं काढा. आधारवर मुलीचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. हे आधी जुळवून घ्या, नाहीतर मंजूर झालेली रक्कम महिनोन्‌महिने पडून राहते. शिवाय मिशन वात्सल्यची दरमहा ४००० रुपयांची प्रायोजकत्व मदत आणि राज्याची बालसंगोपन योजना, दोन्हींसाठी बाल संरक्षण कक्षात विचारा. साक्षीला गेल्यावर प्रवासभत्त्यासाठी कोर्टाच्या नाझरकडे अर्ज करता येतो, तिकिटं जपून ठेवा.

सह्याद्रीवासी

आबा, वाचून कळलं हा नवा माणूस कशाला लागतो ते. माझा प्रश्न मागे घेतो.

निशिगंधा

आरोपी घरातलाच असेल तर आणखी एक. मुलाला त्या घरातून हलवायचं का, हे समितीनं तीन दिवसांत ठरवायचं असतं. हलवायचं ठरलं तर मुलाला वाटतं, मी बोललो म्हणून मलाच शिक्षा झाली. बालगृहापेक्षा मावशी, आजी असा जवळचा सुरक्षित पर्याय आहे का, ते तुम्ही शोधून समितीपुढे मांडू शकता.

मृद्गंध

आता सगळ्यात अवघड. सतरा वर्षांची मुलगी मुलाबरोबर पळून गेली, बापानं फिर्याद दिली, पोक्सो लागला. मुलगी म्हणते माझं प्रेम आहे, मला साक्ष द्यायची नाही. इथे तुम्ही कुणाचे?

शेवंता

मुलीचे. बापाचे नाही, पोलिसांचेही नाही. कायद्यात अठराखाली संमती धरली जात नाही, हे तिला खरंखरं सांगायचं. पण तिला बालगृहात अडकवून ‘शहाणं’ करायचं काम आपलं नाही.

आबा_माणदेशी

मी सहमत नाही. सतराव्या वर्षी पोटुशी राहिलेल्या मुलीची बाजू म्हणजे तिचं आजचं म्हणणं एवढंच नसतं. तिचं शिक्षण, तिची तब्येत हेही बघायला नको का?

शेवंता

बघायलाच हवं, आबा. म्हणून तिला पर्याय सांगायचे. गर्भ चोवीस आठवड्यांपर्यंत असेल तर कायदेशीर गर्भपात होऊ शकतो, त्यापुढे वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि न्यायालयाची परवानगी. तिला नको असेल तर जबरदस्ती नाही. केला तर गर्भाचे अवशेष डीएनए तपासणीसाठी जपायचे, हे दवाखान्याला आधी कळवायचं. दहावी-बारावीचा फॉर्म भरला का, परीक्षेच्या दिवशी तारीख पडली तर सरकारी वकिलांना आधी पत्र. हे सगळं तिच्यासाठीच आहे. फक्त निर्णय तिच्या डोक्यावरून होऊ नयेत.

आबा_माणदेशी

परीक्षेचा मुद्दा मान्य. बाकी माझं मत तेच.

कोयनाकाठ

शाळेवरून आठवलं. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, दाखला लगेच द्यायचा असतो आणि तो उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. बदलीचं कारण सांगायचं नाही. ‘घर बदललं’ एवढं पुरे.

आता खटले कशानं ढासळतात ते सांगते. दोषारोपपत्र गेलं की साक्षीपर्यंत मधला काळ येतो. कलम ३५ म्हणतं, कोर्टानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात निकाल. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हा मधला काळ फार लांबतो. त्या काळात कुटुंबाला कुणीच काही कळवत नाही. आणि त्या शांततेत भावकी बोलायला येते. बैठक बसते, जमिनीचा तुकडा, लग्नाचा खर्च, ‘पोरीचं नाव खराब होईल.’ आईला वाटतं, कोर्ट तर विसरलंच आहे. मग साक्षीच्या दिवशी कुटुंब फितूर होतं आणि आपण त्यांना दोष देतो.

उपाय साधा आहे. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला फोन. सांगण्यासारखं काही नसलं तरी. ‘या महिन्यात तारीख पडली, काही झालं नाही, पुढची अमुक दिवशी, तुम्ही यायची गरज नाही.’ त्यासाठी खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (कोर्टाच्या संगणकातला त्या खटल्याचा ओळख क्रमांक) दोषारोपपत्र गेल्याबरोबर मिळवा आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारखा स्वतः बघा. पैरवी करणाऱ्या हवालदारांचा नंबर ठेवा. समन्स त्यांच्याच हातून निघतं.

वकील_कृष्णाकाठचे

याला जोडून तीन गोष्टी. दोषारोपपत्राबरोबरच्या कागदांची प्रत मुलाला किंवा पालकांना मिळते, कलम २५(२), मागून घ्या. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळवणं बीएनएसएसनं पोलिसांवर घातलंय. आणि जामिनाच्या अर्जाची नोटीस कुटुंबाला मिळायला हवी. मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये त्याबद्दल स्पष्ट निर्देश दिले आहेत. आरोपी सुटल्याचं कुटुंबाला चौकात तो दिसल्यावर कळू नये. जामीन झालाच तर अटी वाचून दाखवा: गावात यायची बंदी आहे का, संपर्काची बंदी आहे का. अट मोडली तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून जामीन रद्द करण्याचा अर्ज सरकारी वकिलांमार्फत. धमकी असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली वेगळा अर्ज.

तडजोडीबद्दल सरळ सांगा की पोक्सोचा गुन्हा आपसांत मिटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या एका प्रकरणात, कुटुंबानं तडजोड केली म्हणून रद्द झालेला खटला पुन्हा सुरू करायला लावला. आणि आरोपी निर्दोष सुटला तरी अपील करायचा हक्क पीडितालाही आहे.

आरोपी स्वतः अठराखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. कुटुंब विशेष न्यायालयात हेलपाटे घालत बसू नये म्हणून हे पहिल्याच दिवशी तपासा.

रानजाई

सगळं लिहून घेतलं. पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. दार उघडलं. समोर आई आहे. पहिलं वाक्य?

मृद्गंध

‘मी आज काही विचारायला आले नाही, सांगायला आले आहे.’

कोयनाकाठ

हेच. मृद्गंध, मी इतकं लांबड लावलं आणि तुम्ही एका ओळीत बसवलंत. त्यानंतर एफआयआरची प्रत हातात द्या.

आबा_माणदेशी

आणि मानधनाचं बघून ठेवा, रानजाईताई. नियमाप्रमाणे ते कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावं. बिलं बाल संरक्षण कक्षात दर महिन्याला, अहवालाबरोबरच द्या. साठवून दिली की अडकतात, आणि पदरचे पैसे घालून फिरणारा माणूस वर्षभरात हे काम सोडतो. मग मुलाला पुन्हा नवीन चेहरा.

रानजाई

आबा, लक्षात ठेवते. उद्या सकाळी पोलीस ठाणं, दुपारी सरकारी वकिलांचं कार्यालय, परवा घर.

निशिगंधा

कोर्टात गेलीस तर स्वच्छतागृह कुठे आहे, उघडं असतं का, आतून कडी लागते का, ते स्वतः बघून ये. साक्षीच्या दिवशी मुलं पाणी पीत नाहीत ती याच भीतीनं, आणि दुपारपर्यंत डोकं दुखून रडायला लागतात.